कोऱ्या जागेतलं गाव

माय, परवा नांदेडात जमीन हलली आणि मला आधी तुझा राग आठवला. मी आता आपत्ती कक्षात बसते. भूकंप झाला की संगणकावर नकाशा उघडायचा, कुठं किती धक्का बसला ते बघायचं आणि मदतीची गाडी कुठं धाडायची ते सांगायचं, हे माझं काम. लोक मोबाइलवरून ‘जाणवला’ असं कळवतात, तसे नकाशावर ठिपके उमटतात. शहरावर ठिपक्यांचा नुसता सडा पडला होता. माहूरकडच्या डोंगरातलं एक गाव मात्र कोरं. साहेब म्हणाले, "तिकडं काही नाही, मॅडम. नकाशाच सांगतोय की."

आणि मला तू दिसलीस, माझ्या लहानपणी झालेल्या भूकंपानंतर लातूरकडच्या आपल्या गावाच्या फाट्यावर, मातीनं भरलेली, मदतीच्या गाड्यांपुढं आडवी होणारी. रेडिओनं आपल्या गावाचं नाव घेतलं नव्हतं, म्हणून गाड्या सरळ पुढं चालल्या होत्या. "रेडिओत नाव न्हाई म्हणून आमी मेलोच न्हाई व्हय रे?" तू ओरडत होतीस. शेवटी एक गाडी वळली, पण माणसं येऊन बाबांवरचे दगड उचलेस्तोवर ते गेले होते.

मी म्हटलं, "सर, त्या गावात रेंजच नसते. ठिपका टाकणार कोण?" भूकंपाचं केंद्रसुद्धा नकाशानं आधी भलतीकडंच दाखवलं होतं, मागाहून ते सरकलं. साहेब चिडले, पण गाडी सोडली. तिथं मातीच्या माळवदाचं एक घर बसलं होतं. आत अडकलेली म्हातारी तुळईखालून जिवंत निघाली आणि "लई उशीर केला रे पोरांनो," म्हणत तिनं गाडीतल्या माणसांनाच झापलं म्हणे. माय, मी कक्षात सगळ्यांसमोर ढसाढसा रडले, आणि हसलेही. नकाशा वाईट नाही गं. तो घाईत असतो आणि ऐकू येईल तेवढंच सांगतो. आता कोरं दिसेल त्या गावाकडं आधी माणूस धाडायचा, असं साहेबांनीच फळ्यावर लिहून ठेवलंय.

एक मात्र कुणाला बोलले नाही. त्या संध्याकाळी सगळे चहाला गेल्यावर मी ‘जाणवला’चं पान उघडलं आणि त्यात आपल्या गावाचं नाव लिहिलं. एकदा तरी आपला ठिपका दिसावा, एवढंच वाटलं बघ. पण त्या दिवशी आपल्याकडं काहीच हललं नव्हतं, आणि माझ्या खोट्या ठिपक्यापायी कुणाची तरी गाडी चुकली असती. बराच वेळ ते नाव बघत बसले. मग पुसून टाकलं.