घर रिकामं दाखवतंय

प्रिय दादा,

फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू "बघतो" म्हणतोस आणि मी लगेच "बरं, राहू दे" म्हणते, म्हणून. साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले, तरी बोटांचा कुबट वास जात नाहीये. माझी ही धुण्याची खोड तुला माहीतच आहे. आज मात्र खोड नाही, शिसारी आहे.

सकाळी बाबांचा पलंग भिंतीपासून ओढला. मागची भिंत उशापासून खिडकीपर्यंत काळी पडली होती. डाग म्हणावेत तर त्यांना लव होती. फडकं फिरवलं तर पोपडा ओलसर, बुळबुळीत होऊन हातात आला. मला ओकारी आली, ती गिळली, कारण बाबा बघत होते. पलंगाखाली त्यांच्या चपला होत्या. घसरून पडले तेव्हापासून पाऊल जमिनीला लागलेलं नाही, पण "राहू देत तिथेच, लागतील" म्हणून हलवू देत नाहीत. त्या चपलांवर बुरशीची पांढरी मऊ फर उगवली होती. बाबांनी वरून विचारलं, "काय गं, उंदीर का?" मी म्हटलं, "जळमटं." ते म्हणाले, "मग एवढा चेहरा कशाला? उंदीर असता तर मला सोबत तरी झाली असती."

तू गेल्या वर्षी येऊन घर कसं 'शहाणं' केलंस ते आठवतंय ना? खिडक्यांच्या फटी रबराने बंद केल्यास, थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून. हवेसाठी भिंतीत पंखा बसवलास, दमटपणा ओढून घेणारं यंत्र आणलंस आणि दोन्ही तुझ्या फोनला जोडलीस. माणूस खोलीत असेल तेव्हा चालू, नसेल तेव्हा बंद. रिकाम्या घरात वीज जाळायची कशाला, म्हणालास. मला ते पटलं होतं. वीज वाया घालवू नये हे मलाही कळतं. कोपऱ्यातला तो सेन्सर माणूस ओळखतो, असं तू सांगितलंस आणि आम्ही मान डोलावली.

काल दुपारी बाबांच्या खोलीत शिवत बसले होते. खोली गप्प झाली, म्हणजे पंखा थांबला. दोरा आणायला उठले, तर सुरू झाला. परत बसले, थोड्या वेळाने थांबला. मी उठबस करून बघायला लागले तेव्हा बाबा हसले. "तुला आत्ता कळलं होय? तू आलीस की तो येतो. मी एकटा असलो की निघून जातो." मी म्हटलं, बाबा, बोलला का नाहीत? तर म्हणे, "त्याने विचार करूनच लावलं असेल. माझ्या एकट्यासाठी कशाला?"

दादा, तो सेन्सर माणूस ओळखत नाही, हालचाल ओळखतो. आणि बाबा हलत नाहीत. मी वहिनीला फोन करून तुझ्या फोनवर काय दिसतंय ते विचारलं. तिने फोटो पाठवला. दुपारभर 'घर रिकामं', आणि शेजारी वीज वाचवल्याच्या शाबासकीचं हिरवं पान. ते पान बघून मला भिंतीपेक्षा जास्त किळस आली.

मला अक्षरं शाळेने नाही, बाबांनी शिकवली. त्यांची अंघोळ झाली की आरशावर वाफ धरायची, ते त्यावर बोटाने 'अ' काढायचे, मी खाली गिरवायची. मग समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या उघडायचे. "घराला दोन नाकपुड्या लागतात, एकीने भागत नाही." अक्षर विरून जायचं आणि मी रडायची. तू मला तेव्हापासून शंकाबाई म्हणतोस, कारण मी रोज विचारायची, उद्या परत येईल ना? त्याच माणसाच्या नाकपुड्या आपण रबराने बंद केल्या.

सेन्सर मी काढला. तुझ्या फोनची जोडणीही तोडली. इलेक्ट्रिशियनकडून साधं बटण लावून घेतलं, रबर सुरीने खरवडलं, खिडक्या उघडल्या. भिंत घासून होईल, गादी टाकून देऊ. वीज मी दुसरीकडे वाचवीन, माझ्या खोलीत वाचवीन. त्यासाठी तुला लिहिलं नसतं.

मागच्या वेळी तू आलास तेव्हा बाबांच्या दारातच उभा राहिलास. नाकाला रुमाल लावलास, "बरे आहात ना?" विचारलंस, फोन आला म्हणून बाहेर गेलास तो आत आलाच नाहीस. बाबांनी तो रुमाल बघितला. त्या दिवसापासून ते धड पाणी पीत नाहीत. पेला ओठाला लावून परत देतात. शुश्रूषेला येणाऱ्या ताईंना पुन्हा पुन्हा चादर बदलायला लावतात, अंगावर पावडर ओतून घेतात. शेजारचे काका पत्ते खेळायला आले की "झोपलोय म्हणून सांग" म्हणतात. त्यांना वाटतं, खोलीतला तो वास त्यांचा आहे, पाणी प्यायलं की लघवीने आणखी वाढेल. मी भिंत दाखवली, चपला दाखवल्या. माझ्या गालावर थोपटून म्हणाले, "तू लहानपणापासून माझी बाजू घेतेस." माझ्यावर त्यांचा विश्वास बसणार नाही, कारण रुमाल मी लावला नव्हता. तू ये. फोन खिशात ठेव, रुमाल घरीच ठेव. पलंगावर त्यांच्याजवळ बस, वास भिंतीचा होता हे तुझ्या तोंडाने सांग, आणि पेला तुझ्या हाताने दे. ते पाणी संपवेपर्यंत उठू नकोस.

तुझीच,
शंकाबाई