पालवी की पावली

३ मार्च, मंगळवार
वाचा-उपचाराच्या बाई म्हणाल्या, "त्यांना तोंडपाठ असलेलं काही वाचून दाखवा. जुनं आधी परत येतं."
बाबांना तोंडपाठ म्हणजे पोथी. सहा आठवड्यांपूर्वी पक्षाघाताच्या झटक्याने वाचा गेली, तोवर रोज सकाळी एक अध्याय. चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलेला माणूस — वर्तमानपत्रही लाल पेन्सिलीशिवाय वाचायचे नाहीत. पण पोथीवर साधी खूण नाही. "ती तपासायची नसते, वाचायची असते."
मी तर्कशास्त्र शिकलेली. ज्यावर आपला विश्वास नाही ते औषध म्हणून वाचायचं, हा ढोंगीपणा नाही का? तरी वाचणार.

४ मार्च
अध्याय वाचला. बाबा खिडकीकडे बघत बसले. काही नाही.

९ मार्च, सोमवार
दादाचा फोन. "त्यांना कळत तरी असेल का गं? भिंतीशी बोलतेस तू." फोन स्पीकरवर होता, बाबा समोर. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. क्षणभर मलाही वाटलं, दादाचं खरं असेल. असं वाटलं, हे लिहून ठेवते.
आजच्या अध्यायात एक बाई आहे. सगळं गमावून कोरड्या विहिरीच्या काठावर बसलेली. ती म्हणते, ‘मी उरले आहे, म्हणजे सगळं संपलेलं नाही.’ वाचत होते बाबांसाठी, लागलं मला.

१४ मार्च, शनिवार
बाबा बोलले.
गॅसवर दूध होतं, म्हणून मी भरभर वाचत होते. "वाळल्या खोडा पावली फुटे —" टेबलावर टकटक. डाव्या हाताच्या बोटांनी. छापखान्यात चूक दिसली की अशीच टकटक करायचे. मी थांबले. ते कितीतरी वेळ ओठ जुळवत राहिले. मग —
"पा… लवी."
पालवी! वाळलेल्या खोडाला पालवी फुटते, चार आण्याचं नाणं नाही. मी हसले, रडले, दूध उतू गेलं. पावणेदोन महिन्यांनी पहिला शब्द, आणि तोही दुरुस्तीचा. बाप कुणाचा आहे!
दादाला कळवलं. तो म्हणाला, "म्हणजे परवाचं माझं बोलणं…"
"ऐकलंय त्यांनी."
"रागावलेत?"
"बोलायला लागले की विचार."

१७ मार्च, मंगळवार
आज मुद्दाम चुकले. ‘दीप’चं ‘द्वीप’ केलं. टकटक. "दीप." पुढे ‘धीर’चं ‘क्षीर’. टकटक — आणि माझ्याकडे रोखून बघत, "मु…द्दाम."
पकडली गेले. बाईंना सांगितलं तर हसल्या. "चुकत राहा. तुमच्या चुका माझ्या फीपेक्षा गुणकारी आहेत."
पण ज्या शब्दांनी त्यांना तोलून धरलं, ते मोडून वाचायचे, हे बरं का? आणि मला एवढा अभिमान कशाचा — बाबांचा, की माझ्या युक्तीचा? दोन्हीचा, बहुतेक. तरी पहिली चूक युक्ती नव्हती, घाईची होती. तिचं श्रेय मी घेऊ नये.

२२ मार्च, रविवार
पालवीचा तोच अध्याय पुन्हा काढला. सावकाश, बोट ठेवून. पोथीत छापलंय — ‘पावली’.
मी बरोबर वाचलं होतं. इतकी वर्षं ही चूक बाबा दर वेळी मनात दुरुस्त करत आले, पोथीला न दुखवता.
पान त्यांच्यासमोर धरलं. बघत राहिले. मग डावा हात पुढे केला.
"पेन्सिल."