दुधाची दाढ

३ जून २००७
आजपासून रोज लिहायचं. राजनंदिनीच्या खालच्या डाव्या दाढेवर काळा ठिपका आहे म्हणे. तिची आई, भाग्यश्री, सकाळपासून डॉक्टर, डॉक्टर करतेय. नंदू सात वर्षांची. दुधाची दाढ, पडणारच.

१० जून
रोज लिहिणं जमलं नाही. ऑफिस. नेटवर तासभर वाचलं. वर एनॅमल, खाली डेंटिन, मध्ये पल्प, त्यात नस. कीड अजून वरच्या मजल्यावर आहे. भाग्यश्रीला आकृती काढून दिली. तिने मागच्या बाजूला वाणसामानाची यादी केली.

म्हणते, ही दाढ मागच्याच वर्षी आली, सगळ्यात मागे. विचारलं, तिथला दात पडला होता का? नाही. मग? आधीचा पडल्याशिवाय पक्का येतच नाही. साधं लॉजिक. सहा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढलीत मी.

२ जुलै
ठिपक्याचा खड्डा झालाय. प्रायॉरिटी लो. पुढचं व्हर्जन येणारच आहे. संकल्प: नंदूचा ब्रश रोज मी करून घेणार.

६ जुलै
ब्रश राहिला. खराडीच्या ऑफिसातून बिबवेवाडीला घरी यायला दोन तास. ट्रॅफिकला मी काय करणार?

१५ ऑगस्ट
झेंडावंदनाहून जिलबी आणली. नंदू नको म्हणाली. गोड सुटलं, चांगलंच आहे. एकाच बाजूने जेवते. सवय असेल.

४ ऑक्टोबर
गाल सुजला. लवंग ठेचून लावली. शेजारच्या तुळजाबाई म्हणाल्या, अहो, लवंग मसालेभातात घाला आणि पोरीला डॉक्टरकडे न्या. आगाऊ बाई.

९ ऑक्टोबर
सूज उतरली. दुखायचंही थांबलं! भाग्यश्रीला सांगितलं, फिक्स झालं. ती काही बोलली नाही. पटलं असावं.

२३ नोव्हेंबर
ताप १०३. शनिवार पेठेत डॉ. दिगंबर. सत्तरीचे. एक्स-रे बघून म्हणाले, दुखायचं थांबलं कारण नस मेली. आता हाडात पू आहे, दाढ काढावी लागेल. मी म्हटलं, काढा की, दुधाचीच तर आहे.

त्यांनी चष्मा काढला. हे आपल्याला कोणी सांगितलं? मी लॉजिक सांगितलं. म्हणाले, ही दाढ कोणाच्या जागी येत नाही. सहाव्या वर्षी मागे गुपचूप येते आणि जन्मभर तीच पुरवायची असते. आपण इंजिनिअर का? हो म्हटलं. वाटलंच, म्हणाले.

रिक्षात भाग्यश्री नंदूला मांडीवर घेऊन बाहेर बघत होती. तिने जूनमध्येच सांगितलं होतं. चूक माझी आहे. म्हणजे, नेटवरही नीट लिहिलेलं नव्हतं.

२७ नोव्हेंबर
दाढ काढली. नंदूने माझं बोट घट्ट धरलं होतं, अजून दुखतंय. बरं झालं दुखतंय ते.

घरी आल्यावर तोंडात कापूस धरूनच विचारलं, नवीन कधी येणार? वर्गात तिने सांगून ठेवलंय, बाबा म्हणालाय म्हणून. भाग्यश्री स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी काय सांगतो ते ऐकायला.

मे महिन्यात, म्हणालो.

भाग्यश्री आत गेली. नंदू स्टुलावर चढून भिंतीवरच्या कॅलेंडरात पुढचा मे शोधू लागली. डिसेंबरनंतर पानंच नव्हती. बाबा, नवीन आण ना, म्हणाली.

आणतो म्हटलं.