खोली रिकामी नाही

॥ श्री ॥
पिंपळवाडी, ता. जिंतूर
१४ सप्टेंबर १९८१

ती. नागनाथदादा यांस,
धाकट्या कस्तुराचा शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, मी खोलीला रंग दिला. दिनकरभावजी येलदरीला येऊन तुझ्या कानी घालण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते. खोली मधली मोठी नव्हे, परसाकडची लहान, आमची झोपायची. बारा वर्षं तिच्या भिंती चिमणीच्या धुरानं काळ्या होत्या. माघात हे गेले, तेव्हापासून मी तिथं एकटी निजते.

रंग मोरपंखी. तसला डबा जिंतूरच्या बाजारात मिळेना, म्हणून चुना विरवून त्यात नीळ आणि हिरवी पूड कालवली. शेजारची सरजाबाई मदतीला होती. ओली भिंत बघून दोघी घाबरलो होतो, पण वाळल्यावर रंग असा उतरला की मी दारातच बसून राहिले.

सासूबाईंनी कपाळ बडवून घेतलं. वर्षश्राद्ध होईस्तोवर घराला पांढरा चुनासुदिक लागत न्हाई आन् ही रंग खेळायली, असं साऱ्या आळीला ऐकवलं. त्यांचा लेक गेला आहे, मी उलट बोलले नाही. भावजींशी मात्र वाजलं. दसऱ्यापासून विहिरीवरचा कापूस घरात यायला लागेल. दरवर्षी मोठी खोली आढ्यापर्यंत भरते. यंदा माल लय हाय, तुमची खोली रिकामीच हाय, तितंबी भरू, असं ते जेवताना म्हणाले. दादा, माझी खाट तिथं, पेटी तिथं, मी रोज तिथं निजते आणि खोली रिकामी! नवरा गेला, लेकरू झालं नाही, म्हणून बाईसकट खोली रिकामी होते काय? म्हणून रंग दिला. आता कुणी रिकामी म्हणून दाखवावी.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो रागावूनही कमी करू नये.
तुझी,
कस्तुरा

येलदरी वसाहत
२१ सप्टेंबर १९८१

चि. गं. भा. कस्तुरा हीस,
नागनाथचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राआधी दिनकरराव येऊन चहा पिऊन गेले, म्हणजे तू हरलीस. तुझं डोकं लहानपणापासून उफराटं. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवायची सोडून म्हशीची रंगवलीस आणि वडिलांचा मार मी खाल्ला. पण ते पोरपण होतं. दुखवट्याच्या वर्षात रंग शोभतो का? त्यात असला रंग! तीन वर्षांमागं विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगावी काय झालं ते तू पाहिलं आहेस. चावडीवर अर्धे म्हणतात बाईनं निळा दिला, अर्धे म्हणतात हिरवा. दिनकररावांना मान वर करून बसता येत नाही म्हणे.

पॉवरहाऊसात यंत्रापाशी उभा असतो, पण डोक्यात तूच असतेस. मी वसुबारसेला तुला माहेरी न्यायला मुळाला येतो. दिवाळी इथं कर आणि पुढंही इथंच राहा. सख्ख्या भावाचं घर असताना बहिणीनं एका खोलीसाठी भांडू नये.

तब्येत सांभाळ, तोंडही सांभाळ. तुझ्यावर जीव असणारा,
नागनाथ
ता. क. कुसुमचा नमस्कार.

पिंपळवाडी
३० सप्टेंबर १९८१

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

आधी हे ऐक, मला गं. भा. लिहू नकोस. पोस्टमन पत्ता दारातून मोठ्यानं वाचतो आणि माझ्या जिवाला लागतं. शाळेच्या दाखल्यावरची नुसती कस्तुरा पुरे.

चावडीला सांग, रंग मोराचा आहे. मोर कुणाच्या बाजूचा ते त्यालाच विचारा. आणि निळा म्हणत असतील तर म्हणू देत. निळ्यात वाईट काय, ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

खोली आता नटली आहे. लग्नातला हिरवा शालू कापून खिडकीला पडदा केला. मी नेसायचा नाही तर खिडकीनं तरी नेसावा. कोनाड्यात आरसा ठेवला. जाऊबाईंनी विचारलं, तुमाला आता आरसा कशाला. मी म्हटलं, तोंड हाय की अजून जाग्यावर. ह्यांचा फोटो लावला, पण हार घातला नाही. हार घातला की आपला माणूस परका दिसतो. सांजेला ऊन त्या भिंतीवर येतं तेव्हा मला रडूही येतं आणि बरंही वाटतं.

घाईत चुन्यात बाभळीचा डिंक घालायचा तेवढा राहिला. भिंतीला टेकलं की पाठ मोरपंखी होते. माझ्या पांढऱ्या लुगड्यावरचे डाग बघून सासूबाई तोंड फिरवतात.

मुळाला येऊ नकोस. मी इथून उठले की खोलीत कापूस, आणि परत आले की माझी खाट ओसरीवर. एकदा ओसरीवर गेलेली बाई पुन्हा आत येत नाही, हे मी या गावात पाहिलं आहे.

माया असू दे, घाई नको.
कस्तुरा

येलदरी
विजयादशमी, १९८१

चि. कस्तुरा हीस, अनेक आशीर्वाद. सोनं घे.

तू सांगितलंस तसा मायना लिहिला, आता माझंही ऐक. दिनकररावांना मी शब्द दिला आहे. वसुबारसेला मी तुला आणतो, ते खोलीत कापूस भरतील आणि संक्रांतीपर्यंत मोकळी करून देतील. घरची भांडणं चारचौघांत जायला नकोत. थोरला भाऊ म्हणून एवढा हक्क मला आहे. पेटी बांधून ठेव.

भेटीत बोलूच. आशीर्वाद.
नागनाथ

पिंपळवाडी
१९ ऑक्टोबर १९८१

ती. दादास, नमस्कार.

तुझा शब्द भावजींना फारच पुरला. वसुबारसेची वाट न बघता त्यांनी गेल्या सोमवारी खोली भरली. मी शेतात वेचणीला होते. माझ्या हातानं वेचलेला कापूस माझ्याच खोलीत. आले तर ओसरीवर खाट, खाटेवर पेटी, पेटीवर आरसा.

मी रडले नाही. खाटेवर बसून राहिले आणि अन्नाला शिवले नाही. गुरुवारी खरेदी केंद्रावर गाडी न्यायची म्हणून कापूस बाहेर काढला, तर भिंतीकडचा सगळा मोरपंखी! भावजी मूठभर कापूस हातात धरून उभेच राहिले, मग ह्यो माल कोन घिईल म्हणून ओरडायला लागले. सारी आळी बघायला आली. मुद्दाम केलं नव्हतं, पण खोटं कशाला लिहू, मला हसू आवरलं नाही.

खोली मोकळी झाली तशी मी खाट आत ओढली आणि उंबऱ्यावर बसले. भावजींनी विचारलं, घर कुनाचं हाय. आळीसमोर सांगितलं, अर्धं माझं. शेत अर्धं, विहीर अर्धी, घर अर्धं, आणि त्या अर्ध्यात मी फक्त एवढी खोली मागते. मी पेटी उचलायला वाकले तेव्हा दुसरी कडी सासूबाईंनी धरली.

तू दिलेला शब्द तुझा होता, माझा नव्हे. मुळाला आलास तर चहा मिळेल, जेवण मिळेल, मी मिळणार नाही. भाऊबीजेला मात्र ये. मी ओवाळीन, याच खोलीत. असल्या बाईनं ओवाळू नये म्हणणारे गावात आहेत, त्यांना बाहेर बसवू.

राग धर, पण ये.
कस्तुरा

येलदरी
२३ ऑक्टोबर १९८१

चि. कस्तुराबाईस,
कुसुमवहिनीचे अनेक आशीर्वाद.

मी कधी पत्र लिहीत नाही. तुमच्या दादांच्या पत्राखाली कुसुमचा नमस्कार, एवढीच माझी जागा. आज अख्खा कागद घेतला आहे.

तुमचं पत्र त्यांनी वाचलं. काल जेवताना म्हणाले की दिनकररावांना दिलेला शब्द परत घ्यायला जावं लागेल, वसुबारसेला नव्हे, भाऊबीजेला. वर म्हणाले की पोरीनं लाज काढली. पण हसत म्हणाले, तेव्हा राग गेला समजा.

आता माझं. त्यांनी तुम्हाला कायमचं इकडं बोलावलं, तेव्हा कुठं ठेवणार हे मी विचारलं नाही, कारण मला ठाऊक होतं. या क्वार्टरात बाहेरच्या खोलीत ते आणि मुलं. मी लग्न होऊन आले तशी स्वयंपाकघरात स्टोव्हशेजारी निजते. सकाळी अंथरूण गुंडाळलं की मी तिथं होते याची खूण राहत नाही. तुम्ही आला असता तर माझ्या शेजारीच निजला असता. सोबत मिळेल म्हणून मला आनंद झाला होता. तुमचं पत्र वाचलं आणि त्या आनंदाची लाज वाटली.

म्हणून भाऊबीजेला मीही येते आहे. हे मी त्यांना विचारलं नाही, सांगितलं. मुलं शेजारी राहतील. तुमचे दादा आणि दिनकरराव ओसरीवर निजतील, शब्दाचं काय करायचं ते त्यांचं त्यांनी बघावं. मी तुमच्या खोलीत निजणार, आतून कडी लावून. लग्नाला सोळा वर्षं झाली, आतून कडी लावून कसं निजतात ते मला एकदा बघायचं आहे.

लोभ तुमचा, खोली तुमची, मी पाहुणी.
कुसुम