आर्गन कुठे जातो?

अतिराऊ, शनिवार

आदरणीय किदिरबेकमामा यांना भाची मक्पालचा मनापासून सलाम.

आधी तुमच्या उंटांची खुशाली विचारते, मग घोड्यांची, मग मेंढ्यांची आणि त्यानंतर तुमची नि मामींची. (हा क्रम लहानपणी तुम्हीच शिकवलात, मामींनी राग मानू नये.) लंगडणारी सांडणी आता पाय नीट टेकते का? मामींचा गुडघा काय म्हणतो? इकडे मी बरी आहे आणि तुमचा एर्केबुलानदादा तर फारच बरा आहे. फोन असताना हिने पत्र का लिहिलं, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही दोनदा ‘बरं बरं’ म्हणता आणि मामींच्या हातात देता. मला जे सांगायचंय ते ‘बरं बरं’मध्ये मावणारं नाही. मामा, मला धक्का बसलाय. एकातून सावरते न सावरते तोच दुसरा बसतो, आणि हे सगळं खुर्चीवर बसल्या बसल्या.

तुम्ही अख्ख्या गावाला सांगितलंत की आमची मक्पाल अतिराऊला एकटीने कारखाना चालवते. ते खरं आहे, पण कारखाना कुठेच नाही. तो कॉम्प्युटरच्या आत आहे. खरा बांधण्याआधी तो म्हणे आत चालवून बघायचा असतो, त्याचं एक सॉफ्टवेअर असतं आणि ते मला येत नव्हतं. (मुलाखतीत ‘येतं’ म्हणाले होते. तुम्हीही घोडा विकताना त्याचे सगळे दात कुठे दाखवता?) मला खताच्या कारखान्यातला अमोनियाचा भाग करायला दिला. आमच्या मुख्य इंजिनिअर वेरा पावलोव्ना त्सोय इथल्याच कोरियन. डब्यात तिखट गाजराची कोशिंबीर आणतात आणि बोलतातही तशाच. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, की मॉडेल चाललं तर नोकरी कायम, नाही चाललं तर आपल्या कुलसारीच्या शाळेत मुलांना रसायनशास्त्र शिकवायला मोकळी. मला वाटलं, निदान सॉफ्टवेअर शिकवायला तरी कोणी येईल. कोणी आलं नाही. पडद्यावर एक पांढराशुभ्र चौकोन उघडला आणि त्यात मी आणि माझं नशीब.

पहिलाच प्रश्न आला की वायूंचं गणित कोणत्या पद्धतीने करू. खाली पद्धतींची लांबलचक यादी. मी तुमच्या घरात वाढलेली मुलगी, दस्तरखानावर सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसाला दारासमोरच्या मानाच्या जागी बसवतात एवढं मला कळतं, म्हणून वयाने सगळ्यांत मोठी पद्धत निवडली. तिचं म्हणणं असं की वायूच्या कणांचं एकमेकांशी काहीच देणंघेणं नसतं. ना ओढ, ना भांडण, ना सोयरीक. असा समाज मी तरी पाहिलेला नाही, पण मोठ्यांपुढे कशाला बोला. सॉफ्टवेअरने सगळं मुकाट्याने मान्य केलं, हिरवा रंग दाखवला आणि आकडे दिले. मामा, ते आकडे धादांत खोटे होते आणि रंग हिरवा होता. एवढं गोरंमोरं न होता खोटं बोलताना मी आजवर फक्त तुमचे घोड्यांचे दलाल पाहिलेत. वेरा पावलोव्नांनी एका नजरेत ओळखलं, धाकटी पद्धत घ्यायला लावली आणि डब्याकडे वळल्या.

मग खरा घोळ झाला. अमोनिया असा होतो: नायट्रोजन आणि हायड्रोजन तापलेल्या भांड्यातून जातात, त्यातल्या थोड्यांचाच अमोनिया होतो, तो गार करून बाजूला काढायचा आणि उरलेलं पुन्हा सुरुवातीला नेऊन ओतायचं. हे वाचून माझा जीव हरखला. हे तर आपलं सार्कितच. जेवणावळीतलं उरलंसुरलं बांधून घरी न्यायचं, मोठ्यांच्या ताटातलं धाकट्यांनी आशीर्वाद म्हणून खायचं, पावाचा चुरा जमिनीवर पडला तर उचलून कपाळाला लावायचा. नमुन्याच्या चित्रात मात्र परतीच्या नळीला एक बारीक फाटा काढला होता आणि त्यातून थोडा वायू बाहेर सोडून चक्क जाळत होते. मला लाजच वाटली. चांगला परत आलेला माल जाळायचा? मी फाटा पुसून टाकला आणि सगळंच्या सगळं परत वळवलं. आजीचा आत्मा त्या क्षणी नक्की सुखावला असेल.

आकडे वाढायला लागले तेव्हा मला वाटलं, बरकत आली. सॉफ्टवेअरने लाल दाखवलं, मी म्हटलं दमलं असेल, अजून फिर. ते फिरलं. संध्याकाळी एर्केबुलानदादाला सांगत बसले. (इतकं मन लावून माझं ऐकणारं अतिराऊत दुसरं कोणी नाही. तो सोफ्यावर, मी स्वयंपाकघराच्या दारात इस्त्रीच्या फळीवर कॉम्प्युटर ठेवून. खोली एकच आहे, हे तुम्हाला माहीत असेलच.) त्याने चहाचा सातवा की आठवा प्याला पुढे केला आणि विचारलं, हवेतल्या नायट्रोजनबरोबर चोरपावलांनी आत आलेला तो आर्गन दिवसभर नुसता गोल गोल फिरून कंटाळत नाही का? मी हसले. मूर्खासारखी हसले. आढाव्याच्या दिवशी वेरा पावलोव्नांनी मॉडेल उघडलं, तेव्हा माझ्या परतीच्या नळीतून झायिक नदीपेक्षा जास्त माल वाहत होता आणि तो सगळा दाबून पुढे ढकलायला अख्ख्या अतिराऊची वीज पुरली नसती.

त्यांनी डबा बाजूला सारला. मग म्हणाल्या, “मक्पाल, आर्गन कुठे जातो?”

मी म्हटलं, “कुठे नाही. परत घरीच येतो.”

“म्हणजे रोज थोडा नवा येतो, सगळ्यांबरोबर पंगतीला बसतो, काम काडीचं करत नाही आणि जात कधीच नाही. तुमच्या घरी असं कोणाला ठेवून घेतात का, बाई?”

मामा, मला त्या क्षणी जो धक्का बसला तो आर्गनचा नव्हता. कशाचा होता ते इथे लिहीत नाही. सोमवारपर्यंत मुदत मिळाली. मी तो बारीक फाटा परत काढला. वाटलं, जसं काही पाव उकिरड्यावर टाकतेय. सॉफ्टवेअर चार गिरक्या मारून हिरवं झालं आणि या वेळी खरंखुरं हिरवं. वेरा पावलोव्नांनी पाहिलं आणि “राहा” एवढंच म्हणाल्या. नोकरी कायम झाली. मी स्वच्छतागृहात जाऊन रडले.

असो. मामींना गुडघ्याला उंटाच्या लोकरीची पट्टी बांधायला सांगा. तुमच्या आशीर्वादाची भुकेली,

तुमची भाची
मक्पाल

ता. क. हे पत्र एर्केबुलानदादाच्याच हाती पाठवते आहे. मी तुमच्याकडे घोड्याच्या मांसाचं काझी मागितलंय अशी त्याची समजूत आहे. मामा, तो शरद ऋतूत ‘दोन दिवस काम बघतो’ म्हणून आला होता. वसंतातला नौरिझचा सण होऊन गेला, स्टेपीत ट्यूलिप फुलून सुकलेसुद्धा. तो वयाने मोठा, त्यातून पाहुणा, त्यातून तुमचा मुलगा. मी कुठल्या तोंडाने सांगू? मी महिनोन्‌महिने स्वयंपाकघरात झोपते आहे. आपल्या रीतीत भाचीची तीन मागणी मामाला मोडता येत नाहीत. पहिल्यात मी ठिपक्यांचं उंटाचं पिल्लू घेतलं, दुसऱ्यात तुम्ही आईला मनवून मला शिकायला धाडलंत. तिसरं लग्नासाठी राखलं होतं, ते आज वापरते: तो पोचला की त्याला ठेवून घ्या. काझी नाही पाठवलंत तरी चालेल.

ता. क. २. बस थांब्यावरून. पाकीट फोडून लिहिते आहे. दादा आताच म्हणाला, “मक्पाल, खरं सांगू? मी पहिल्या बर्फालाच निघालो असतो. उंटांवाचून मला करमत नाही गं. पण निघतो म्हटलं की तू दर वेळी म्हणायचीस, इतक्यात कुठे, चहा तरी घेऊन जा. म्हटलं, ही पोर शहरात एकटी आहे, मी गेलो तर रडेल.” मामा, फाटा मीच पुसला होता, तिथेही आणि इथेही. मला फार लाज वाटली आणि खरं सांगते, तो जाणार म्हणून फार वाईटही वाटलं. पण त्याला ठेवून घ्याच.

ता. क. ३. हे पत्र आता टपालाने पाठवते आहे. कुलसारीची गाडी हलली, दादा पायरीवर उभा होता, आणि सवयीने माझ्या तोंडून गेलं, “इतक्यात कुठे दादा, चहा तरी घेऊन जा.” सध्या तो सोफ्यावर आहे. मी चहा ओतते आहे. तिसरं मागणं शिल्लक आहे असं धरा आणि स्वतः त्याला न्यायला या.