वहीतून रतनचे नाव खोडण्याबाबत

प्रति,
मेहेरबान अंमलदारसाहेब,
मौजे कडेखोंड ज्यांच्या ताब्यात असेल त्यांचे सेवेशी
(पहिला अर्ज कचेरीचे नाव चुकले म्हणून परत आला, सबब या खेपेस नाव घातलेले नाही.)

विषय : गावकामाच्या वहीत "पटकीचे मुडदे उचलणे, वंशपरंपरा" अशी पडलेली नोंद.
संदर्भ : अर्जदाराच्या दुसऱ्या व तिसऱ्या अर्जावरील साहेबांचे शेरे.

साहेब,

अर्जदार सावळाराम गेनबा साळवे, ख्रिस्ती, राहणार मौजे कडेखोंड, विंझरपासून दीड कोस, याची विनंती ऐसी जे :

१. सन १९२७ साली गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. धोंडाबाई नावाची विधवा घरात मरून दीड दिवस पडली. भावकी अंगणात उभी, पण उंबरा कोणी ओलांडीना. महारवाड्यास बोलावणे गेले, कारण नकोसे काम ते त्यांचे, ही रीत. तिकडून कोणी येण्याआधीच अर्जदार व त्याची बायको अंबूबाई आत गेले, बाईला धुतले, मसणवटीत पोचवले. अर्जदाराच्या प्रभूने शिष्यांचे पाय धुतले होते. त्यामानाने हे काही फार नव्हे. पण नंतर चावडीवर अर्जदार बोलून बसला, "हे काम कुणाच्या जन्माला चिकटलेलं न्हाई, म्हणून म्या करतो." माती खाल्ली ती इथेच.

२. महारवाड्यास ते पटले व त्यांनीही पुढे नकार दिला. अर्जदारास केवढा आनंद झाला म्हणून सांगावे! गावाने मात्र चार दिवसांत तोड काढली. वहीत लिहिले : काम करणार सावळाराम ख्रिस्ती, त्याचे पश्चात मुलगी रतन. गावाने जात मोडली नाही, एक नवी केली. तीत घर एकच.

३. अर्जदाराने दाद मागितली. शेरा आला की, अर्जदार विनातक्रार काम करतो, सबब वहिवाट शाबीत. पुन्हा विनवले, तेव्हा हुकूम झाला की, काम नेमून दिलेले म्हणून नव्हे, धर्मभावाने केले, याचे साक्षीदार आणावेत. ज्यांच्यासाठी केले ते अकराही जण अर्जदाराने स्वतः पोचवले. त्यांना सहीला कुठून आणावे?

४. नसरापूरच्या एका वकिलाने सांगितले, वर्षभर जाऊ नका, वहिवाट आपोआप तुटेल. अर्जदाराने तसा निश्चय केला. तो सकाळपासून दुपारपर्यंत टिकला. ज्ञानू धनगर पटकीने गेला होता आणि त्याची बायको दारात एकटी रडत होती, ते ऐकवेना. अर्जदार गेला आणि त्याच दिवशी वहीत टिपण पडले. न जावे तर ख्रिस्ताला काय तोंड दाखवावे, जावे तर मुलीच्या गळ्यात फास.

५. वहीतील सातवी नोंद साहेबांनी कृपा करून पाहावी. ती अंबूबाईची आहे. आजाऱ्यांची सेवा करता करता तिलाही पटकी झाली. त्या दिवशी खांदा द्यायला कोणी आले नाही. अर्जदाराने तिला पाठीवर नेऊन पुरले. तेही गावकाम म्हणून धरले आहे. हे वाचल्यापासून अर्जदाराचे मन मेले आहे.

६. रतन पुण्यास एका दवाखान्यात नर्सचे काम शिकते. गेल्या महिन्यात अर्जदार खोकल्याने अंथरुणास खिळला, तर पाटील मानसिंगराव दारात येऊन म्हणाले, "पोरीला बोलवून घ्या. तुमच्यामागं हितलं कोण बघंल?" विचारपूस काय ती एवढीच. रतन आजाऱ्यांची सेवा करणारच आहे, पण आपल्या मनाने. सबंध नोंद रद्द व्हावी ही मागणी अर्जदार आज सोडत आहे. त्याचे नाव मरेतो राहू द्यावे. फक्त रतनचे खोडावे.

७. हे लिहीत असता चावडीचा माणूस आला. मानसिंगरावांची आई पटकीने गेली. भावकी अंगणात उभी आहे. अर्जदार उठत आहे. आजचे जाणे वहीत धरू नये.

आपला नम्र, आणि वही नसती तरी गेलाच असता असा,
सावळाराम गेनबा साळवे
ता. ९ ऑगस्ट १९३२

सोबत :
१. साहेबांचे दोन्ही शेरे.
२. वहीतील सातव्या नोंदीची नक्कल. काम झाल्यावर ही परत मिळावी. अंबूबाईचे नाव असलेला दुसरा कागद घरात नाही.