भट्टीतली जागा आणि सर्व्हरचा होकार

४ मार्च, मंगळवार

सिद्ध काय करायचे ते आधी मांडते. सर्व्हरचा होकार येईपर्यंत पडद्याने ‘झाले’ असे म्हणू नये. भाचीचे मत याच्या नेमके उलट. तिला चूक ठरवणे हाच पुढच्या नोंदींचा हेतू, दुसरा नाही.

वस्तुस्थिती अशी. कुंभारकामाच्या एका कार्यशाळेसाठी भाची वेब ॲप्लिकेशन करते आहे. तिथे हौशी सभासद वाडगे, कप, ताटल्या घडवतात आणि भट्टीत आपापल्या भांड्यासाठी जागा धरतात. आजवर जागा खडूने फळ्यावर लिहिली जाई. आता भिंतीवर टॅबलेट बसवला आहे. खरी यादी सर्व्हरवर, म्हणजे दूर कुठल्याशा यंत्रात. टॅबलेटवर दिसते ती तिची नक्कल. सभासदाने जागेवर बोट ठेवले की निरोप सर्व्हरकडे जातो, तो तपासतो, हो की नाही ते कळवतो. मधल्या काळात पडद्याने काय दाखवावे, एवढाच वाद!

“लगेच दाखवायचं, आत्या. जवळजवळ नेहमी होच येतं.”

“आणि नाही आलं तर?”

“तर मागे घ्यायचं. त्यात काय!”

त्यात काय! मी तर्कशास्त्र शिकवण्यात हयात घालवली. विधान आधी आणि आधार मागाहून, असे करायची माझ्या वर्गात कुणाची टाप नव्हती.

कार्यशाळा चालवणाऱ्या ताईंनी मुदत दिली आहे. बावीस तारखेची भट्टी पडद्यावरून नीट भरली नाही, तर फळा परत. आणि हे काम गेले तर भाची दूरच्या शहरातली नोकरी धरणार. तिथून बोलावणे आलेलेच आहे. मग या घरात मी आणि माझी कपाटे. म्हणून काम टिकलेच पाहिजे. याविषयी अधिक लिहीत नाही.

६ मार्च, गुरुवार

माझ्या पद्धतीचा कोड मी स्वतः लिहिला. भाचीने शिकवलेला, पण हात माझा! बटण दाबले, ‘थांबा’ सांगणारी चकती फिरली, होकार आला, मगच जागा रंगली. मी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या. या वयात, एकटीने, स्वतःसाठी!

“आत्या, शेजारचे येतील बघायला.”

येऊ देत. त्यांनाही दाखवीन.

८ मार्च, शनिवार

कार्यशाळेत माझ्या पद्धतीची चाचणी. भट्टीच्या जाड भिंतीमुळे तिथे इंटरनेट रखडत चालते, ही बाब मी हिशेबात धरली नव्हती.

दातांचे डॉक्टर (निवृत्त, हल्ली फक्त कप करतात) यांनी चिखलाच्या बोटाने जागा दाबली. चकती फिरू लागली. त्यांना वाटले, चिखलामुळे लागले नाही. बोट ॲप्रनला पुसून पुन्हा दाबले. शेजारच्या जागेवर दाबले. तिच्या शेजारच्या. प्रत्येक वेळी निरोप गेला, आणि थोड्या वेळाने सगळे होकार एकदम आले. एका कपाला भट्टीचा अख्खा मजला!

“डॉक्टर, कपाची वरात काढताय का?” ताई.

“मी काय करू? हे बोलेचना! पेशंट तोंड उघडत नाही तेव्हा मी पुन्हा सांगतोच की!”

मी तातडीने तोडगा सुचवला: होकार येईपर्यंत बटणे बंद ठेवावीत. भाची म्हणाली, “बंद ठेवली तर डॉक्टर टॅबलेट हलवून बघतील.”

“हलवला,” डॉक्टर म्हणाले. “मघाशीच.”

भाचीने टॅबलेटवरचा चिखल पुसला. मग माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. अशा भुवयांना कायद्याने बंदी हवी.

९ मार्च, रविवार

हरले. संपूर्ण नव्हे; अटींवर. जागा लगेच दाखवावी, पण फिकट. होकार आला की गडद. नकार आला तर पूर्वस्थिती जशीच्या तशी, आणि सोबत कारण.

“म्हणजे माझंच म्हणणं, फक्त फिक्या रंगात!”

“हे सशर्त विधान आहे.”

“बरं, सशर्त. चहा टाकू की तोही होकार आल्यावर?”

११ मार्च, मंगळवार

नकाराचे वाक्य लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. पहिला मसुदा: ‘आपण इच्छिलेले स्थान तत्पूर्वीच अन्य सभासदाने स्वीकारले असल्याने आपली विनंती अमान्य करण्यात येत आहे.’ भाची हसता हसता सोफ्यावरून खाली आली. “आत्या, वाडग्याला समन्स बजावतेस का?”

अंतिम मसुदा: ‘ही जागा आत्ताच दुसऱ्यांनी घेतली. शेजारची रिकामी आहे. चालेल?’

‘चालेल?’ हा शब्द मी आयुष्यात कुणाला विचारल्याचे आठवत नाही. दिवसभर घरात म्हणून पाहिला. छान लागतो!

१५ मार्च, शनिवार

दुसरी चाचणी. प्रारंभ अत्यंत देखणा. बोट ठेवताच फिकट जागा उमटे, मग अलगद गडद होई. सभासद उगीचच बोटे लावून पाहत होते. मीही.

मग डॉक्टरांचा कप उमटला. गेला. पुन्हा आला!

“यात भूत आहे का हो?” ताई म्हणाल्या. “पुढच्या शनिवारपर्यंत थांबते मी. पण सांगून ठेवते, माझ्या फळ्याला अजून कुणी हात लावलेला नाही.”

घरी येताना भाचीने एवढेच सांगितले, “त्या नोकरीवाल्यांना मला काय ते कळवायला हवं, आत्या.” मी भाजीचा विषय काढला.

१७ मार्च, सोमवार

सापडले! सापडले!

ओट्यावर मांडून पाहिले. चहाचे भांडे म्हणजे सर्व्हर, कप म्हणजे टॅबलेट, चमचे म्हणजे निरोप. टॅबलेट मधूनमधून स्वतःहून ताजी यादी मागतो. समजा, त्याने ती मागितली आणि यादी वाटेवर निघाली. तेवढ्यात डॉक्टरांनी बोट ठेवले. कप पडद्यावर फिकट उमटला. आणि मग ती आधी निघालेली यादी रखडत रखडत पोचली. तिच्यात कप कुठून असणार? पडद्याने तिला ताजी समजून कप पुसून टाकला! पुढची यादी आली, कप परत हजर. भूत नाही, खोटेपणा नाही. उत्तर खरेच होते, पण ते आधीच्या प्रश्नाचे होते!

मी ओरडले असणार. भाची ओल्या केसांनी धावत आली.

“भाजलं का?”

“उलगडलं!”

चमचे पुन्हा चालवून दाखवले. उपाय दोन ओळींचा: बोट ठेवताक्षणी वाटेवरच्या सगळ्या याद्या सोडून द्यायच्या, आणि सर्व्हरचा निर्णय आल्यावर यादी नव्याने मागायची. भाचीने चमचे एकदा स्वतः चालवून पाहिले. मग तिने मला उचलले. शब्दशः!

“खाली ठेव मला!”

“नाही ठेवत!”

“गुडघा—”

“गुडघापण उचललाय!”

नंतरचा चहा सर्व्हरमध्येच केला.

२२ मार्च, शनिवार

भट्टी भरली! शेवटच्या कोपऱ्यापर्यंत, पडद्यावर दिसत होती तशीच. भूत फिरकले नाही. या दिवसासाठी ताईंनी दुसराही टॅबलेट लावला होता, आणि एका बाईंनी व डॉक्टरांनी एकच जागा एकदमच धरली. बाईंना मिळाली. डॉक्टरांच्या पडद्यावरून फिकट कप मागे सरकला आणि माझे वाक्य आले. त्यांनी ते मोठ्याने वाचले आणि टॅबलेटलाच उत्तर दिले, “चालेल की! न चालायला काय झालं?”

ताईंनी ओला बोळा घेतला आणि फळा स्वतःच्या हाताने पुसला.

“आता भांडायचं कुठे आम्ही?” डॉक्टर म्हणाले.

येताना भाची आणि मी फुटपाथवर हातात हात घालून चाललो. चाललो कसल्या, उड्या मारत आलो. समोरून माझी एक जुनी विद्यार्थिनी येत होती. तिने पाहिले. पाहू दे! जग फार सुंदर रचलेले आहे आणि त्याला पुरावा लागत नाही.

२३ मार्च, रविवार

सकाळी भाचीने सांगितले. ताईंनी कालच फोन फिरवले. त्याच दूरच्या शहरातल्या तीन कार्यशाळांना हे हवे आहे. तिथे राहून बसवून द्यायचे, लोकांना शिकवायचे. नोकरी नाही, स्वतःचे काम. वर्ष तरी जाईल. “तू म्हणालीस तरच जाते, आत्या.”

मी लगेच “जा” म्हणाले. चेहराही तसाच ठेवला. आतून होकार अजून यायचा आहे.

चूक मान्य करते. काम गेले तर ती जाईल, एवढेच मला ठाऊक होते. त्यावरून काम टिकले तर ती राहील, असे मी धरून चालले. असा निष्कर्ष निघत नाही, हे मी पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात शिकवत असे.

— आत्या